केशनिर्मूलन आणि ‘कायमचे’ हे विशेषण
ब्यूटी पार्लरच्या फलकांवर केस ‘काढणे’ हे एकच क्रियापद भिन्न क्रियांसाठी योजिलेले आढळते. थ्रेडिंगचा दोरा आणि वॅक्सिंगचे मेण (मेण केवळ नावाचे; पुष्कळदा तो साखर-लिंबाचा पाकच असतो) केस मुळासकट उपटतात; लेझर व विद्युत्-सुई मुळाची पुनरुत्पादक शक्तीच नष्ट करू पाहतात. मेणाबरोबर त्वचेचा वरचा थरही ओढला जातो. म्हणून मुरुमांसाठी रेटिनॉइड मलम लावणाऱ्या स्त्रीने चेहऱ्यास मेण लावू नये. तेथे दोराच बरा.

खरा घोटाळा ‘कायमचे’ या विशेषणाने होतो. लेझरचा प्रकाश केसातील मेलॅनिन शोषून घेते. त्वचा सावळी असल्यास तिच्यातील मेलॅनिनही तो शोषते आणि त्वचा भाजते, डाग राहतात. अशा त्वचेस ७५५ नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइट लेझरपेक्षा १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग अधिक सुरक्षित होय. पांढऱ्या केसांवर मात्र दोन्ही निष्प्रभ. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन लेझरच्या बाबतीत ‘कायमची घट’ एवढेच म्हणू देते, ‘निर्मूलन’ नव्हे. विद्युत्-सुईची पद्धत सेंट लुईचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये डोळ्यात रुतणाऱ्या पापण्यांसाठी वर्णिली. ती वर्णभेद जाणत नाही. परंतु एकेका केसावर चालते, त्यामुळे वेळ फार लागतो.

हनुवटीवर अकस्मात राठ केस उगवू लागले असता प्रथम वैद्यकीय तपासणीच इष्ट. कारण पुष्कळदा अंतःस्रावांत असते.