उद्या पावसाची शक्यता ४० टक्के: हे ४० नक्की कशाचे?

ऑक्टोबर छाटणी झालेली, द्राक्षबाग फुलोऱ्यात, आणि मोबाईल सांगतोय की उद्या पावसाची शक्यता ४० टक्के. दिंडोरी किंवा निफाडच्या बागायतदाराला फवारणीचा निर्णय आजच घ्यायचाय. फुलोऱ्यात पाऊस झाला तर डाऊनी आणि घडकुज ठरलेली. त्याने या ४० वर किती विसंबायचं? हे ठरवायला आधी विचारावं लागतं की ४० टक्के आभाळात आहेत की अंदाज देणाऱ्याच्या डोक्यात.

तत्त्वज्ञांमध्ये यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. कार्ल पॉपर म्हणायचे, संभाव्यता हा जगाचाच गुण आहे. किरणोत्सारी अणू पुढच्या तासात फुटण्याची शक्यता अमुक इतकी, मग कुणी ती मोजो वा न मोजो. याउलट फ्रँक रॅम्सी (१९२६) आणि पुढे ब्रुनो द फिनेती यांच्या मते संभाव्यता म्हणजे आपल्या विश्वासाची मात्रा. पण म्हणून ती मनाला येईल तशी ठेवता येत नाही. समजा, पाऊस पडला तर १०० रुपये देणारं तिकीट तुम्ही ७० रुपयांना घेतलं, आणि नाही पडला तर १०० देणारं तिकीट ५० ला. खर्च १२०, हाती येणार १००. काहीही झालं तरी २० रुपयांचा तोटा! अशी विसंगती नसणं ही विवेकी विश्वासाची पहिली अट.

तिसरी बाजू हॅरॉल्ड जेफ्रीज यांची: संभाव्यता विश्वासाचीच, पण ती किती असावी हे पुरावा ठरवतो. कोल्हापूरचे वसंत हुजूरबाजार याच जेफ्रीजांकडे केंब्रिजला पीएचडी करून आले आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

१९८० मध्ये डेव्हिड लुइस यांनी दोन्ही बाजूंमध्ये पूल बांधला. एखाद्या घटनेची खरी, जगातली शक्यता ४० टक्के आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तुमचा विश्वासही ४० टक्केच हवा. मागचं कितीही माहीत असलं तरी. नाणं सलग दहा वेळा छापा पडलं, पण ते निर्दोष आहे हे पक्कं ठाऊक असेल, तर अकराव्या वेळीही निम्मी-निम्मी शक्यता. अपवाद एकच: उद्याचा निकालच कुणी आज येऊन सांगितला तर.

मग बागायतदारानेही मुकाट ४० धरायचे का? नाही, कारण अ‍ॅपवरचे ४० ही लुइसच्या अर्थाची शक्यता नाही. हवामानाचं मॉडेल सुरुवातीच्या नोंदींमध्ये बारीक फरक करून अनेकदा चालवतात. ५० पैकी २० वेळा पाऊस दिसला तर ढोबळमानाने ४० टक्के. म्हणजे हे आकडे बव्हंशी आपल्या अपुऱ्या माहितीचे आहेत. एखाद्या जाणत्या माणसाचं मत असावं, तसे.

इथेच खरा फरक पडतो. खऱ्या शक्यतेपुढे तुमची जादा माहिती चालत नाही. जाणत्याच्या मतापुढे चालते, जर ती त्याच्याकडे नसेल तर. अंदाज मोठ्या परिसराचा, तुमचा प्लॉट डोंगराच्या कुशीत, आणि तिथे असा वारा सुटला की सर येते हे वर्षानुवर्षं पाहिलेलं असेल, तर ४० चे ६० करणं अविवेकी नाही. ‘मागच्या आठवड्यात अंदाज चुकला, म्हणून आजही खोटा’ हे मात्र चालणार नाही. ४० टक्के सांगितलेल्या शंभर दिवसांपैकी साधारण चाळीस दिवस पाऊस पडला, तर अंदाज चोख. एका कोरड्या दिवसाने काही सिद्ध होत नाही.

आणि शेवटी निर्णय नुसत्या टक्क्यांवर ठरत नाही. समजा फवारणीला ५,००० रुपये लागतात, आणि ती न करता पाऊस आला तर ५०,००० चं नुकसान होतं, जे फवारणीने टळतं. मग १० टक्क्यांच्या वर कुठलाही आकडा असला तरी फवारणी परवडते. ४० की ६० या वादात तिथे रात्र घालवायची गरज नाही. आकडा ८ की १२ असा असेल, तेव्हा मात्र तो कुठून आला हे विचारायलाच हवं.