पॅसेंजर : गाडी कीं माणूस?

भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सावदा हें स्टेशन आहे. तेथें कोणी ‘पॅसेंजर आली’ म्हटलें, तर गाडी आली असेंच सर्व समजतात. उलट, रिक्षावाला ‘पॅसेंजर आला’ म्हणतो, तेव्हां आलेला असतो माणूस. केवळ क्रियापदाच्या लिंगानें अर्थ पालटतो.

इंग्रजींत ‘पॅसेंजर’ म्हणजे प्रवास करणारी व्यक्ति. हा शब्द मूळ फ्रेंच. वाट या अर्थाचा ‘पॅसेज’ त्याचा आप्त. मधलें अनुनासिक मागाहून, उच्चाराच्या ओघांत शिरलें. ‘मेसेज’ नेणारा ‘मेसेंजर’ झाला, तोहि असाच.

मग माणसाची गाडी कशी झाली? १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली व १८७० सालीं भुसावळ-खंडव्यावरून मुंबई कलकत्त्याशीं जोडली गेली. टपाल नेणारी ती ‘मेल’, मोजक्या ठिकाणीं थांबून वेगानें जाणारी ‘एक्सप्रेस’ आणि वाटेंतील लहान स्टेशनेंहि घेणारी ‘पॅसेंजर ट्रेन’. मराठी माणसानें ‘ट्रेन’ गाळली आणि गाडीचें स्त्रीलिंग उरलेल्या शब्दाला दिलें. ज्या भाषेनें ‘वॅगन’ची ‘वाघीण’ केली आणि तींत सावद्याचीं केळीं भरलीं, तिला हें कांहीं अवघड नव्हतें.

शिवाय माणसासाठीं मराठींत शब्द होतेच. घरापासून दूर वास करणारा तो ‘प्रवासी’. ‘उतारू’ हा शब्दहि जुन्या वृत्तपत्रांत नित्य आढळे. त्यांत ‘उतरणें’ ही क्रिया आहे. रिक्षावाल्याच्या ‘पॅसेंजर’ला मात्र गिऱ्हाइकाची छटा आहे, म्हणून स्वतःविषयीं बोलतांना तो शब्द सहसा कोणी वापरीत नाहीं.

मराठींत ‘पॅसेंजर’ म्हटलें कीं दोन गोष्टी गृहीत असतात : गाडी आपल्या गांवीं थांबेल आणि तिचें भाडें परवडेल. मार्च २०२० मध्यें देशांतील प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्या पुन्हां धांवूं लागल्या, तेव्हां अनेक पॅसेंजर गाड्यांना ‘एक्सप्रेस विशेष’ म्हटलें गेलें व किमान भाडें १० रुपयांवरून ३० रुपये झालें. जवळच्या गांवीं शाळेला, बाजाराला किंवा दवाखान्यांत जाणाऱ्या माणसाला ह्या नव्या नांवाची किंमत २० रुपये पडली. फेब्रुवारी २०२४ मध्यें जुना दर परत आला. पण तोंवर लोक त्या गाडीला ‘पॅसेंजर’च म्हणत राहिले होते.

म्हणून लिहितांना माणसाला ‘प्रवासी’ म्हणावें. गाडीला ‘पॅसेंजर’ म्हणण्यांत मात्र संकोच नको. तो अर्थ इंग्रजीची चूक नसून मराठीची कमाई आहे, आणि मराठी कोशांत त्याला स्वतंत्र जागा मिळणें योग्य होय.