संघाचे नाव कोणाचे?

सायंकाळी आपल्या वर्तकनगरात मुले फुटबॉल खेळू लागली म्हणजे प्रथम संघाचे नाव ठरते, आणि मगच खेळास आरंभ होतो. नावावाचून संघ म्हणजे केवळ अकरा मुले! परंतु जो धनिक एखादा संघ विकत घेतो, तो त्याचे नावही विकत घेतो काय?

कलकत्त्याचा मोहन बागान संघ १८८९ साली स्थापन झाला. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. बूट होते ते एकट्या रेव्हरंड सुधीर चटर्जी या ख्रिस्ती खेळाडूच्या पायांत. त्या दिवसापासून हे नाव साऱ्या देशाचे झाले.

२०२० साली संजीव गोएंका यांच्या उद्योगसमूहाने या संघात शेकडा ८० हिस्सा घेतला, आणि आपल्या अवघ्या सहा वर्षांच्या संघाची ‘एटीके’ ही अक्षरे मोहन बागानच्या नावाआधी जोडली. हिरवा-किरमिजी पोशाख व नौकेचे चिन्ह कायम राहिले, तरी चाहत्यांचे समाधान झाले नाही. अखेर १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात फातोर्डा येथे संघाने अजिंक्यपद मिळविले, त्याच रात्री मालकांनी ती अक्षरे काढण्याचे जाहीर केले. मात्र नव्या नावात ‘सुपर जायंट’ हे मालकांच्या पसंतीचे शब्द आलेच.

इंग्लंडात हल सिटी या १९०४ सालच्या संघाचे नाव ‘हल टायगर्स’ करण्याचा मालकाचा बेत होता. परदेशच्या बाजारात ते अधिक खपेल, असा त्याचा हिशेब! चाहत्यांनी विरोध केला, आणि २०१४ साली तेथील फुटबॉल संघटनेने परवानगी नाकारली. यावरून दिसते की, केवळ मालकी असली म्हणजे नाव बदलण्याचा अधिकार मिळतोच असे नाही.

मालकांची बाजूही विसरू नये. खेळाडूंचे वेतन, मैदान, प्रवास, सर्वांस द्रव्य लागते. पुणे सिटी हा संघ २०१९ साली बंद पडला, तेव्हा केवळ गावाचे नाव त्यास तारू शकले नाही.

तथापि कोल्हापुराकडे पाहा. तेथील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे संघ तालमींचीच नावे धारण करतात. त्या नावांत तालमीची व तिच्या परिसराची ओळख आहे. ते बदलणे म्हणजे त्या ओळखीवरच बोळा फिरविणे होय.

पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा आपणांस ठाऊक आहे. अहाब राजा मोल देण्यास तयार असूनही त्याने वडिलोपार्जित द्राक्षमळा दिला नाही. कारण तो केवळ त्याचा एकट्याचा नव्हता. संघाचे नावही तसेच पूर्वजांकडून आलेले असते. विद्यार्थिमित्रांनो, धनिकाने संघाचा सांभाळ अवश्य करावा. परंतु नावाचा त्याने विश्वस्त व्हावे, स्वामी नव्हे.