चहाने हुकलेली सकाळ

सकाळचे पावणेआठ. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये पंचेचाळिशीतले एक गृहस्थ टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीसाठी बाही सरसावून बसले आहेत. दंडाला पट्टा बांधता बांधता मुलगी विचारते, "उपाशी आहात ना, काका?"

"हो. नुसता चहा घेतलाय."

"साखरेचा?" ती पट्टा सोडते. "मग उद्या या."

काका चरफडतात, पण मुलीचं बरोबर आहे. पोटात साखर गेली की टेस्टोस्टेरॉनची पातळी काही काळ चांगलीच घसरते. एरवीही ते सकाळी चढतं आणि दिवस कलेल तसं उतरतं. म्हणून रक्त सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी घ्यायचं. अंगात ताप असेल तर घ्यायचंच नाही.

खरी तपासणी मात्र सुईच्या आधीच सुरू झालेली असते. थकवा, चिडचिड, वाढलेलं पोट यांवरून काहीच ठरत नाही. थायरॉइड, मधुमेह, रात्रीचं घोरणं, कुणीही गुन्हेगार निघू शकतो. डॉक्टर वेगळंच विचारतात. इच्छा कमी झाली का? पहाटेची ताठरता येते का? दाढी पूर्वीपेक्षा कमी वेळा करावी लागते का? शेवटचा प्रश्न पुरुष न लाजता ऐकतात, पहिल्या दोन्हींना छताकडे बघत उत्तर देतात. मग अंडकोषांचा आकार पाहायचा. त्यासाठी एक माळ असते: १ ते २५ मिलिलिटरचे बारा लंबगोल मणी. एका हाताने मणी चाचपायचा, दुसऱ्याने माणूस.

आकड्याबाबतही एकमत नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखाली कमी मानते. तिथलीच एंडोक्राइन सोसायटी निरोगी तरुणांची खालची हद्द २६४ धरते. म्हणजे २८० वाला एका दारात रुग्ण, दुसऱ्या दारात ठणठणीत! त्यात लठ्ठ माणसात हे संप्रेरक वाहून नेणारं प्रथिनच कमी असतं, त्यामुळे एकूण आकडा उगाच खाली दिसतो. खरोखर कमी ठरलं, तर एलएच, म्हणजे अंडकोषांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारं पिट्यूटरी ग्रंथीचं संप्रेरक, बघायचं: ते चढलेलं असेल तर दोष अंडकोषांत, कमी किंवा चारचौघांसारखंच असेल तर मेंदूतल्या पिट्यूटरीकडे संशय.

हे सगळं न पाहता टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनची घाई केली तर ती नडते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर स्वतःची शुक्राणूनिर्मिती आवरतं घेतं. मूल हवं असलेल्या माणसाला हे आधी सांगायला हवं. सांगितलं जातंच असं नाही.

दुसऱ्या दिवशी काका बिनचहाचे हजर.

"केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत? काही मशिनांवर त्यांनी रिपोर्ट चुकतो."

काका टकलावरून हात फिरवतात. मुलगी हसू दाबत नळी भरते.

संध्याकाळी डॉक्टर आकडा बघतात, २७१, आणि चिठ्ठीवर तीच तपासणी पुन्हा लिहितात: काही दिवसांनी, सकाळी, उपाशीपोटी.