‘ॲक्सोलॉटल’ पाळताय? मग नोंदणी केली का?

रील्समुळे लोकप्रिय झालेला ॲक्सोलॉटल मासा नाही. तो मेक्सिकोतला सॅलॅमँडर, म्हणजे बेडकासारखाच उभयचर. सोचिमिल्कोच्या कालव्यांत १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, २०१४ मध्ये फक्त ३६.

भारतात पाळता येतो का?
बंदी नाही, पण नोंदणी सक्तीची आहे. ‘साइट्स’ करारातील जिवंत प्राण्यांसाठी वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, २०२४ मध्ये नियम आले.

काय करायचं?
प्राणी घरी आल्यापासून ३० दिवसांत ‘परिवेश २.०’ पोर्टलवर अर्ज करा. पिल्लं झाली, प्राणी दगावला किंवा दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं. ‘इथेच पैदास केलाय,’ असं दुकानदार म्हणाला तरी नोंदणी टळत नाही. खरेदीची कागदपत्रं मागून घ्या. नकोसा झाला तरी तलावात सोडू नका.