पहिली नोंद कोणाची?

हैदराबादजवळच्या पाटणचेरूला 1972 मध्ये इक्रिसॅट ही संशोधन संस्था उभी राहिली, आणि तेव्हापासून कोरडवाहू शेतीचे प्रश्न या शहराच्या वेशीवर अभ्यासले जात आहेत. गेल्या दहा वर्षांत त्या अभ्यासाच्या शेजारी संगणक कंपन्या आणि सरकारी डिजिटल योजना येऊन बसल्या. 2016 ते 2025 या काळाचा मागोवा घेतला तर माझ्या मते एक गोष्ट ठळकपणे दिसते. शेतावरची पहिली नोंद कोणी केली आणि चुकली तर ती दुरुस्त करण्याची वाट उघडी होती का, यावर शेतकऱ्याचा आणि मातीचा फायदा ठरला. नोंदवही किती अभेद्य, हा प्रश्न त्यानंतरचा.

सुरुवात अगदी साधी होती. जून 2016 मध्ये इक्रिसॅटने मायक्रोसॉफ्ट आणि आंध्र सरकारबरोबर कर्नूल जिल्ह्यातल्या देवनकोंडा मंडलातल्या 175 भुईमूग उत्पादकांना पेरणी कधी करावी याचे संदेश तेलुगूतून पाठवले. 1986 ते 2015 या तीस वर्षांच्या हवामानाच्या नोंदी आणि त्या हंगामातला जमिनीतला ओलावा पाहून सल्ला ठरत होता. संस्थेने हेक्टरी उत्पादन सरासरी 30 टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले. शेतकऱ्याला नवे यंत्र घ्यावे लागले नाही; साधा मोबाइल पुरला. जिथे पहिला पाऊस फसवा निघाला की बियाणे वाया जाते, तिथे योग्य आठवडा कळणे ही मोठी बचत आहे.

मग ऑगस्ट 2018 मध्ये हैदराबादेत ब्लॉकचेनची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेलंगणाबरोबर गोवा सरकारही आयोजनात होते. ब्लॉकचेनमध्ये नोंदीच्या प्रती अनेक संगणकांवर राहतात आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या नोंदीशी गुंफलेली असते, त्यामुळे मागची खोडाखोड झाकता येत नाही. बोगस बियाणे आणि फिरवलेले जमिनीचे कागद यांनी पोळलेल्या प्रदेशाला याचे आकर्षण वाटणे रास्तच होते. पण नंतर बदललेली नोंद पकडणारी ही व्यवस्था मुळातच खोटी केलेली नोंदही तितक्याच निष्ठेने जपते. पिशवीवरचा कोड खरा आणि आतले बी भलतेच, हे तिला कळण्याचा मार्ग नाही.

या मर्यादेचे मोल काय पडते, हे तेलंगणाच्या जमीन नोंदींनी दाखवले. तिथे ब्लॉकचेन नव्हती, पण एकदाच पक्की नोंद करून टाकण्याची ओढ तीच होती. 2017 च्या अखेरीस शंभर दिवसांत राज्यभर नोंदी अद्ययावत केल्या गेल्या. 2018 मध्ये त्यांच्या आधारे रयतु बंधू योजनेतून हंगामाला एकरी 4,000 रुपये मिळू लागले. ऑक्टोबर 2020 मध्ये जमीन नोंदींचे धरणी पोर्टल आले. सावकाराच्या दारी न जाता पेरणीला पैसा मिळाला, हे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याचा रकाना नोंदीतून गेला आणि खंडाने शेती करणारे मदतीबाहेर राहिले. 2020 च्या कायद्याने महसूल न्यायालये बंद झाली, त्यामुळे चुकीची नोंद सुधारण्यासाठी दिवाणी दावाच उरला. अखेर एप्रिल 2025 मध्ये धरणीच्या जागी भू भारती आली आणि अपिलाची सोय परत द्यावी लागली. मराठवाड्याच्या वाचकाला यातले गांभीर्य समजावून सांगायला नको. निजामी राज्याच्या वारशातल्या खासरा पाहणीतली एक नोंद आजही तिथल्या वादांत पुरावा म्हणून काढली जाते.

यावर आक्षेप येतो की निर्यातीसाठी मालाचा माग काढता येणे आवश्यक आहे; माणसांच्या भरवशावर परदेशी ग्राहक माल घेणार नाही. आक्षेप खरा आहे. केंद्राची शेतमाल निर्यात संस्था अपेडाच्या ग्रेपनेट या माग काढणाऱ्या प्रणालीमुळेच नाशिकच्या द्राक्षांचा प्रत्येक प्लॉट युरोपपर्यंत ओळखता येतो. तरीही 2010 मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे द्राक्षे युरोपात अडकली. कुठल्या बागेतला माल हे कळत होते; तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. म्हणजे माग हवा, आणि काय तपासायचे हे ठरवणारा जाणता माणूसही हवा. तेलंगणाच्या खम्मम जिल्ह्यातल्या साधारण 7,000 मिरची उत्पादकांच्या ‘सागू बागू’ प्रयोगात हा मेळ बसलेला दिसतो. गावपातळीवरचा सल्ला, माती परीक्षण आणि मिरचीची यंत्राने प्रतवारी एकत्र आली. उत्पादन 21 टक्क्यांनी वाढले, कीटकनाशके 9 आणि खते 5 टक्क्यांनी घटली, भाव 8 टक्क्यांनी सुधारला, असे आयोजक सांगतात. आकडे त्यांचेच आहेत, म्हणून स्वतंत्र पडताळणी व्हायला हवी. पण फवारणी घटून उत्पन्न वाढण्याची दिशा मोलाची आहे.

तेलंगणातल्याच झहीराबादला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या महिला संघांनी सहभागी हमी पद्धत राबवली आहे. तिच्यात शेजारच्या शेतकरी एकमेकींची शेते पाहून सेंद्रियपणाची ग्वाही देतात. शहरातल्या ग्राहकाला ही ग्वाही पोहोचवायला ब्लॉकचेन उपयोगी पडेल, आणि माझ्या मते तिची योग्य जागा तीच आहे: साक्ष बांधावर, कुलूप नंतर. महाराष्ट्राच्या ई-पीक पाहणीने 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्यालाच स्वतःच्या पिकाची नोंद करू दिली आणि तलाठ्याकडे नमुना पडताळणी ठेवली, तेही याच वाटेवरचे पाऊल. ऑगस्ट 2023 मध्ये हैदराबादेत सुरू झालेल्या कृषी माहिती विनिमय मंचाने शेतकऱ्याच्या संमतीचे तत्त्व मान्य केले आहे. पण केंद्राच्या ॲग्रीस्टॅक या डिजिटल व्यवस्थेतला शेतकरी ओळख क्रमांक जमिनीच्या नोंदीशी बांधलेला आहे. खंडाने कसणाऱ्याचे नाव त्या नोंदीतच नसेल तर त्याची संमती कोण विचारणार? राज्य सरकारांनी आता त्याच्यासाठी वेगळी नोंद सुरू करावी, आणि ती जमीनमालकाच्या सहीवर अडवू नये.