वामनदादांच्या गाण्याला समीक्षा का नाही?

१९६३ च्या डिसेंबरात लंडनच्या 'टाइम्स'च्या संगीतसमीक्षकाने बीटल्स या चार तरुणांच्या गाण्यांतील स्वरसंगती गंभीरपणे तपासली. त्याच दशकात आमच्या वस्त्यांतून वामनदादा कर्डकांची (१९२२–२००४) गाणी घुमत होती. प्रस्थापित समीक्षेने त्यांवर 'प्रचारकी' असा शिक्का मारला आणि हात झटकले.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या वस्तीत जयंतीच्या रात्री ही गाणी मी मातीत बसून ऐकली. पेटी, ढोलकी, मागे कोरस. चाल पुष्कळदा ओळखीची, कधी सिनेमातलीच. याला नक्कल म्हणतात. मला ते पटत नाही. चाल ठाऊक असली की श्रोत्याचे सारे लक्ष शब्दांकडे जाते. ध्रुपद पुन्हा पुन्हा येते, म्हणून अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईला अख्खे गाणे पाठ. (वामनदादा स्वतःही मोठेपणीच अक्षरे शिकले.) आणि शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा, तुकोबांच्या अभंगात येते तशी.

हे मी वर्गात सांगू लागलो, तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, "हे अभ्यासक्रमात आहे का?" नव्हते. मी फळ्याकडे वळलो आणि ध्रुपदाच्या मात्रा मोजायला घेतल्या.